सातव्या रकान्यातला शब्द

आम्हाला दिलेल्या नमुन्यात सातवा रकाना ‘निर्माता’ असा होता. आधीच्या सहा रकान्यांत वास्तूचं नाव, गाव, नदीचा कोणता काठ, बांधकाम कशाचं, आज वापर काय आणि अवस्था कशी, एवढं भरायचं. मग सातव्यात ते कोणी बांधलं ते लिहायचं. माहीत नसेल तर ‘अज्ञात’. रकाना मोकळा ठेवायचा नाही, अशी सक्त सूचना होती.

इतिहास घेऊन एम.ए. झाल्यावर दीड वर्षानं मिळालेलं हे माझं पहिलं काम. माणगावच्या खालच्या अंगाला नदी सपाटीला लागते तिथपासून ती खाडीला मिळते तिथपर्यंत, दोन्ही काठांवरच्या जुन्या वास्तूंची यादी करायची होती. पद क्षेत्र सहायकाचं, तेही अकरा महिन्यांपुरतं. पण आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ज्या विषयात शिकलो त्याच विषयाचं काम मिळालेला तर आमच्या अख्ख्या वाडीत पहिला. पत्र हातात पडल्यावर मी पहिला फोन आत्याला केला.

“म्हंजे करायचं काय तू?” तिनं विचारलं.

“जुनी बांधकामं शोधायची. देवळं, घाट, पूल. त्यांची सरकारी यादी होणार. यादीत आलेलं सहजासहजी कुणाला पाडता येत नाही.”

“मंग आपली विहीर घाल त्यात.”

“ती काय एवढी जुनी नाही गं.”

“माझ्यापरीस सहा-सात वर्सांनी ल्हान हाय. मी म्हातारी झाले का न्हाय? मंग ती कशी तरनी?”

मी हसलो, पण ती हसली नाही. वाडीवरून नदीच्या पुलाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी मोजणीवाले येऊन गेले होते आणि त्यांनी विहिरीच्या काठावरच्या दगडावर तांबड्या रंगानं फुली मारली होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. रस्ता त्या बाजूनं वाढला तर विहीर बुजणार होती.

“घालतो,” मी म्हणालो.

“सबूद?”

“शब्द.”

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. आईवडील कामासाठी न्हावा शेव्याकडे राहायचे. तिथल्या एका खोलीत माझा अभ्यास होणार नाही म्हणून त्यांनी मला पहिलीपासून आत्याकडे ठेवलं. दहावीनंतर मी माणगावच्या वसतिगृहात गेलो, तेव्हा ती रोज सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे माझा डबा द्यायची. चार-पाच वर्षांत कंडक्टर बदलले, पण डबा चुकला नाही. एकदा गाडी आलीच नाही, तर ती ट्रकला हात करून स्वतः डबा घेऊन आली आणि वसतिगृहाच्या फाटकाशी ट्रकवाल्यालाही अर्धी भाकरी देऊन गेली.

मी चौथीत असताना वाडीत प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला होता. आत्या त्यात बसली. घरी आली की माझ्या पाटीवर गिरवायची. सगळी अक्षरं तिला आली, एक ‘ज्ञ’ सोडून. तो काढताना तिची पेन्सिल दरवेळी मधेच अडायची.

“येवढं अवघड हाय म्हनूनच शेवटाला ठेवलंय,” ती म्हणायची. “तिथवर कोनी पोचूच नये.”

मी तिचा हात धरून तो तिच्याकडून गिरवून घ्यायचो. मला मास्तर झाल्यासारखं वाटायचं.

विहिरीची गोष्ट मला तिनंच सांगितली होती, आणि एकदा नाही, शंभरदा. आमची वाडी नदीच्या उतरत्या भागात आहे. उन्हाळ्यात भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं आणि वाडीपाशी नदी खारट होते. गोडं पाणी तीन किलोमीटर वर, देवळाच्या घाटावर. घाटाला एकोणीस पायऱ्या आहेत. आमच्या लोकांनी त्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा नसे. घाटाच्या बाजूला, खालच्या अंगाला, चिखलात उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर भरून घ्यायचं. धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वाडीनं ठरवलं, घाटावर जायचं नाही. चौदा घरांनी मिळून विहीर खणली आणि बांधली.

बांधकाम त्यांना नवं नव्हतं. नदीवरचा कमानींचा पूल इंग्रजी अमलात झाला, तेव्हा खडी फोडायला म्हणून वाडीतल्या माणसांना नेलं होतं. त्यातले काहीजण बघता बघता दगड घडवायला शिकले. कुणी कुठला दगड घडवला ते कळावं म्हणून प्रत्येक जण त्यावर टाकीनं आपली खूण करी. माझ्या पणजोबांची खूण कोंबडीचा पाय. तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या. चार घरं पलीकडच्यांची शिडी, शेजारच्या घराची विळा, कुणाची मासळीचा काटा. पूल झाला, पणजोबा गेले, पण खुणा घराघरात राहिल्या. पितळी भांड्यांवर, पाट्यावर, कोयत्याच्या मुठीवर. विहीर बांधली तेव्हा प्रत्येक घरानं एक दगड घडवून दिला, त्यावर आपली खूण केली, आणि ते चौदा दगड काठाला गोल बसवले. आमच्या घराचा दगड माझ्या आजोबांनी घडवला. सहा-सात वर्षांची आत्या त्यावर पाणी शिंपडत शेजारी बसली होती. कोणता दगड कोणाचा, हे तिला तोंडपाठ होतं.

आणि हे सगळं मलाही माहीत होतं.

आमच्या पथकात चार माणसं होती. प्रमुख एक वास्तुतज्ज्ञ बाई, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. किहीमकडचा एक जीपचालक, मी, आणि त्या भागापुरते सोबत आलेले घाटावरच्या देवस्थानाचे एक वयस्क विश्वस्त. त्यांना सगळे काका म्हणत. मॅडम स्वभावानं सरळ होत्या. दगडाला हात लावण्याआधी त्या चप्पल काढत, मग तो देवळाचा असो की जकातीच्या पडक्या बंगल्याचा. त्यांच्याबरोबर मी पंधरा दिवसांत जे शिकलो ते दोन वर्षांच्या एम.ए.त शिकलो नव्हतो. चुना मळायच्या घाण्याचा गोल चर गवतात कसा ओळखायचा, जांभ्या दगडावर बसलेलं पाणी कुठून आलं ते कसं शोधायचं, दीपमाळेचा कोणता भाग नंतर दुरुस्त केलाय. मी वहीत लिहून घ्यायचो आणि त्या कधीही वैतागायच्या नाहीत.

पुलापाशी आम्ही अर्धा दिवस काढला. कठड्यावर इंग्रजीत एका इंजिनिअरचं नाव कोरलेली पाटी आहे. सातव्या रकान्यात मी ते नाव लिहिलं. मग आम्ही नदीत उतरून कमानीखाली गेलो. मॅडमनी विजेरी वर केली.

“बघा, खुणा,” त्या म्हणाल्या. “किती सुंदर आहेत. ही शिडीसारखी. ही पक्ष्याच्या पायासारखी.”

मी बघितलं. कोंबडीचा पाय माझ्या डोक्यापासून हातभर वर होता. लहानपणी आत्यानं मला तिथंच उचलून धरून दाखवला होता.

“या कुणाच्या असतील?” मी विचारलं. का विचारलं, मला अजून सांगता येत नाही.

“घडवणाऱ्यांच्या. पण ते कोण होते, हे आता कळणं शक्य नाही.” त्यांनी तसंच टिपणात लिहिलं. मी विजेरी धरून शेजारी उभा होतो.

बोलायला तिथं काहीच अडचण नव्हती. उलट त्या आनंदानं ओरडल्या असत्या. पण खुणा सांगायच्या तर वाडी सांगावी लागली असती, आणि काका काठावर उभे होते.

कारण आदल्या दिवशी एक गोष्ट होऊन गेली होती. काकांनी आम्हाला घरी जेवायला नेलं होतं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आग्रह. जेवताना ते मला म्हणाले, “तुम्ही कुठले?”

“माणगावचा.”

“माणगावात कुठं?”

“स्टँडच्या मागं.” तिथं माझं वसतिगृह होतं.

“आडनावावरून काही पत्ता लागत नाही हो तुमचा,” असं म्हणून ते हसले आणि त्यांनी मला भाकरी वाढली. मीही हसलो. ती भाकरी मी खाल्ली. त्यांनी माझा अपमान केला नव्हता. केला असता तर कदाचित मी ताठ उभा राहिलो असतो. मला फक्त वाटलं, आता सगळं छान चाललंय, मधेच कशाला. माझ्या सगळ्या लबाडीचं कारण एवढंच आहे, आणि ते इतकं लहान आहे याचीच मला जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आमच्या वाडीकडे वळली. नकाशावर मॅडमनी तिथं स्वतःच टिंब काढलं होतं.

“तिथं काय नाही हो बघण्यासारखं,” काका म्हणाले. “त्या लोकांची एक विहीर आहे. आत्ताआत्ताची.”

“बघू तर,” मॅडम म्हणाल्या.

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. कामाचा दिवस, तरणी माणसं कारखान्यांत आणि बंदरावर गेलेली. वाडीत शुकशुकाट होता. मनात मी म्हणत होतो, आत्या शेतावर गेलेली असू दे. आपण विहीर मोजू, फोटो काढू, यादीत घालू. शब्द राहील आणि कुणाला कळणारही नाही.

जीप थांबली तेव्हा ती विहिरीपाशीच होती. तांदूळ निवडायचं सूप हातात. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, की तो मी आज डोळे मिटून काढू शकेन. तिनं सूप खाली ठेवलं, लगबगीनं समोरच्या आपल्या घरात गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. “आला व्हय…” ती म्हणायला लागली.

मी मधेच बोललो. मोठ्यानं, शुद्ध, पुस्तकातल्यासारखं.

“मावशी, ही विहीर कुणी बांधली, तुम्हाला काही माहिती आहे का?”

अनोळखी बाईला आपण सगळेच मावशी म्हणतो. भाजीवालीला म्हणतो, गाडीत शेजारी बसलेलीला म्हणतो. त्यात काही वाईट नाही. माझ्या सख्ख्या आत्याला मी तसं म्हणालो.

ती थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, मग मॅडमकडे, मग परत माझ्याकडे. तिला समजायला फार वेळ लागला नाही. तिनं पदर डोक्यावरून घेतला. माझ्यासमोर तिनं तो कधी घेतला नव्हता.

“न्हाय जी साहेब,” ती म्हणाली. “आमाला काय म्हाईत. लई जुनी हाय.”

“कुणाकडून काही ऐकलं असेल?” मॅडमनी प्रेमानं विचारलं. “आईवडिलांकडून?”

“न्हाय बाय. आमी अडानी मानसं.”

जिला चौदा दगड तोंडपाठ होते, ती हे म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली.

मग तिनं तांब्या पुढे केला. मॅडम प्यायल्या. काका म्हणाले, “माझं आत्ताच झालं.” माझ्याकडे तांब्या आला तेव्हा मी तो वर धरून, ओठ न लावता प्यालो. तोंड लावून पिऊ नको म्हणून ती लहानपणापासून माझ्यावर ओरडत आली होती आणि मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पाहुण्यासारखा व्यवस्थित प्यालो. तांब्या मी विहिरीच्या काठावर ठेवला आणि फोटो काढायला लागलो.

मॅडमना विहीर फार आवडली. काठाच्या दगडांचा जोड, उतरायच्या पायऱ्यांचं वळण, सगळं त्यांनी मोजून घेतलं. खुणा त्यांनीही पाहिल्या. “पुलावरच्यासारख्याच,” त्या स्वतःशी म्हणाल्या. “पुलाचे उरलेले दगड आणले असतील.” मी ‘हो, असेल’ म्हणालो.

आम्ही निघालो तेव्हा आत्या सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. वाटेत काका घाटावर उतरले आणि मॅडमना डुलकी लागली. जीपचालक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “साहेब, एक बोलू? त्या मावशीचं नाक डिट्टो तुमचंच होतं हां.”

“असेल,” मी म्हणालो.

“असेल काय, कापून लावल्यागत.” मग माझं तोंड बघून त्यानं गाणी लावली.

संध्याकाळी विश्रामगृहात मी नमुना भरला. वास्तूचं नाव : पुरातन विहीर. सातवा रकाना, निर्माता : अज्ञात. आठवा रकाना, माहितीदार : स्थानिक वृद्ध महिला, माहिती नाही. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. तिनं जे सांगितलं तेच मी लिहिलं होतं. अक्षर चांगलं काढलं होतं. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी वाडीत गेलो नाही. फोन करायचो, आठवड्याचा पंधरवड्यावर आला. आत्या बोलायची, पण ‘साहेब’ म्हणायची. “बरा हायेस ना साहेब?” “जेवन झालं का साहेब?” पहिल्या वेळी मला वाटलं, ती चिडवतेय, दोन दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. रागानंही म्हणत नव्हती. माझं नाव तिनं उचलून कुठंतरी ठेवून दिलं होतं, एवढंच. त्याच वर्षात शिडीची खूण असलेल्या घरातले आजोबा वारले. विहीर बांधताना ते चांगले मिसरूड फुटलेले होते. मी मातीला गेलो नाही. कामाचं कारण सांगितलं.

एक दिवस तिचाच फोन आला.

“साहेब, इहिरीला पाटी लागली. बघून जा.”

विहीर यादीत आली होती. मॅडमनी तिच्या बांधकामावर दोन पानं लिहिली होती आणि त्यामुळे रस्ता पलीकडच्या बाजूनं वाढवायचं ठरलं होतं. मी शब्द दिला होता तो पाळला गेला होता, आणि मला वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसवत नव्हतं.

पाटी निळी, दोन लोखंडी खांबांवर, आत्याच्या दारासमोर. पांढरी अक्षरं. मी पोचलो तेव्हा ती पाटीखालीच उभी होती.

“मी वाचते,” ती म्हणाली. “तू बग, बरोबर वाचते का.”

तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. “पु-रा-त-न… वि-ही-र.” मग खालची ओळ. “नि-र्मा-ता.” मग बोट पुढं सरकलं आणि थबकलं. मला वाटलं, आता तिला येणार नाही, आणि मनातून मला ते हवं होतं.

“अ… ज्ञा… त,” ती म्हणाली. “अज्ञात. आला का न्हाय मला ज्ञ?”

“आला.”

“अज्ञात म्हंजे कोन रे? आपल्या वाडीत या नावाचा कोनी न्हवता.”

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

“ज्याचं नाव कुणाला माहीत नाही, तो.”

“कुनाला म्हाईत न्हाय?”

मी खाली बघितलं. आजोबांचा दगड माझ्या पायाशीच होता. त्यावरची तांबडी फुली कुणीतरी घासून काढली होती, म्हणजे तिनंच. कोंबडीचा पाय तसाच होता.

“मीच तर सांगितलं तुझ्या बाईला, म्हाईत न्हाय म्हनून,” ती म्हणाली. “मंग तू बिचारा काय लिवनार.”

“तसं नको ना म्हणू, आत्या. माझं चुकलं.”

“आत्या काय?” ती एकदम वळली. “मावशी ना मी? मावशी असती ती आयशीची बहीन. मी तुझ्या बापाची. येवढं बी शिकवलं न्हाय का कॉलेजात?”

ती घरात गेली. मी पाटीखाली उभा राहिलो. आतून भांडी आदळल्याचा आवाज येत होता. मला दगडावर बसावंसं वाटलं, पण बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना भेटलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एक प्रश्नही विचारला नाही. नंतर म्हणाल्या, “तेव्हा का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

आत्याची म्हणू? वाडीची? मोठ्यानं म्हणण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं.

“मी लिहिलंय, कळणं शक्य नाही,” त्या म्हणाल्या. “छापून आलंय ते माझ्या नावानं. आणि तुम्ही विजेरी धरून उभे होतात.” त्या रागावल्या होत्या. मला बरं वाटलं. मग त्यांनी कपाटातून दुरुस्तीचा अर्ज काढून दिला. “पुरावा जोडावा लागेल. नुसतं सांगून होत नाही.”

पुरावा शोधायला मी तेव्हाचे फोटो उघडले. विहिरीचे बावीस होते. त्यातल्या एकात काठाचा दगड आणि मी त्यावर ठेवलेला तांब्या. दगडावर कोंबडीचा पाय. तांब्याच्या पोटावर, उन्हात चमकणारा, तोच कोंबडीचा पाय. दोन्ही खुणा वीतभर अंतरावर, एकाच चौकटीत, आणि फोटो मीच काढलेला. वर्षभर तो माझ्याकडे पडून होता.

फोटो आणि अर्ज घेऊन मी वाडीत गेलो. आत्यानं फोटो लांब धरून बघितला. “तांब्या घासायला हवा होता,” ती म्हणाली. मग आम्ही विहिरीभोवती फिरलो. ती दगडावर पाय ठेवायची नाही, शेजारी वाकून हात ठेवायची आणि घर सांगायची. मी लिहायचो. विळा, शिडी, काटा, दोन टिंबं. अकरा दगड झाले. बाराव्यापाशी ती थांबली.

“हे घर…” ती म्हणाली. “हे आन् पुढची दोन. ती मानसं वाडी सोडून कवाच गेली. कोनती खूण कोनाची, ते शिडीवाल्याला पक्कं ठाव व्हतं. मी इचारायची त्याला.”

तिला तोंडपाठ होते ते चौदा नव्हते, अकरा. उरलेले तीन शिडीच्या आजोबांच्या भरवशावर होते. आम्ही आलो त्या दिवशी ते चार घरं पलीकडे, ओटीवर बसलेले होते. मॅडमनी त्यांना विचारलं असतं.

“काय लिवतोस मंग?” तिनं विचारलं.

मी लिहिलं. तीन ओळींत तोच शब्द तीनदा. या वेळी तो खरा होता, आणि मीच तो खरा केला होता.

अर्जाच्या शेवटी एक रकाना होता : ‘माहितीदाराचे अर्जदाराशी नाते’. मी लिहिलं : आत्या (वडिलांची सख्खी बहीण). तिनं कागद ओढून घेतला, बोट ठेवून वाचला, कंसातलंसुद्धा. खाली सही केली, अंगठा नाही, सही.

अर्ज देऊन आता सात महिने झाले. विचारायला गेलो की विचाराधीन आहे असं सांगतात. पाटी तशीच आहे. आत्यानं तिच्या एका खांबाला आणि दारापुढच्या शेवग्याला दोरी बांधली आहे आणि त्यावर ती धुणं वाळत घालते. सरकारी पाटी आहे, असं करू नये, असं मी एकदा तिला सांगून बघितलं.

“वाळलं की काढते, साहेब,” ती म्हणाली, आणि तिनं ओलं लुगडं झटकून दोरीवर पसरलं.